विहीर मचूळ, पहाटे मासे वर : गोराईच्या वाडीवाल्यांना उत्तर

प्रश्न : आमची वाडी गोराईत, खाडीजवळ. एप्रिल लागला की विहीर मचूळ होते, वांग्याच्या पानांच्या कडा करपतात. शेततळ्यातले रोहू-कटला पहाटे वर येऊन तोंड वासतात, म्हणून रोज दोन-तीन तास विहिरीचं पाणी तळ्यात सोडतो. तरी दोन्हीकडे नुकसान. काय करावं?

उत्तर : दादा, आधी तो पंप आवरा.

किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. ढोबळ हिशोब असा : समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी फूटभर असेल, तर त्याच्या खाली सुमारे ४० फूट गोडं टिकतं. म्हणजे उपशाने वरचं फूटभर घटलं, की खालचं खारं चांगलंच वर सरकतं. त्यात समुद्राची पातळी वाढतेय आणि पाऊस थोड्या दिवसांत धो धो कोसळून खाडीला मिळतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. त्यातला विहिरींच्या वाट्याला किती आला असेल, तुम्हीच सांगा.

तेव्हा उपसा सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा करा, फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळीच्या टोकाची झडप) तळापासून वर घ्या. पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचं माप) तपासून घ्या. २.२५ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली तर ते वांग्याला, घेवड्याला देऊ नका. पालक, बीट त्या मानाने सोसतात. पाणी बुंध्याशीच द्या, पानांवर नको. पोटॅश द्यायचं तर म्युरेट (क्लोराइड असलेलं) टाळून सल्फेट वापरा. जिप्सम मात्र शेजाऱ्याने टाकलं म्हणून टाकू नका, माती तपासल्याशिवाय तर नाहीच.

आता मासे. ते मिठाने नव्हे, गुदमरून वर येताहेत. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री स्वतःच ओढतं, म्हणून पहाटे सगळ्यात कमी उरतो. शेण टाकणं थांबवा, चार दिवस खाद्यही. पंप लावायचाच तर पहाटे तीनपासून उजाडेपर्यंत तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून तळ्यातच पाडा. विहिरीला हात नको. मासे दाट झाले असतील तर मोठे काढून विका.

पावसाळ्याआधी वाफ्यांचे बांध नीट करा. पहिल्या दोन-तीन मोठ्या सरी वाफ्यातच मुरू द्या, म्हणजे साचलेलं मीठ मुळांखाली उतरेल. रोपं त्यानंतर लावा.