नाव कळतं, पत्ता नाही

प्रश्न : मे महिन्यात कान्ह्याला गेलो होतो. गाईड सांगत होता की बारशिंग्यांच्या लेंड्या गोळा करून त्यातल्या जंतांची डीएनए तपासणी करतात. जंत तो जंत. औषध द्यायचं सोडून त्याची जात कशाला हुडकायची? आणि हे जंत गावच्या गुरांकडूनच आले, हे त्यातून सिद्ध होतं का? (वाटेत सापडलेल्या चार लेंड्या सोबत पाठवतोय.)
— एक वाचक, भंडारा

उत्तर : औषध द्यायचं खरं, पण बारशिंग्याला पाजणार कोण? आमच्याकडे शेळीला पाजायचं तरी दोघं लागायची, एक धरायला आणि एक जबडा उघडायला. रानातलं हरीण धरलं तर जंत राहिले बाजूला, धसक्यानंच जायचं. त्यात हा कठीण जमिनीवरचा बारशिंगा, म्हणजे मध्य भारतातली त्याची उपजात. १९७० साली कान्ह्यात अवघे ६६ उरले होते. आज हजाराच्या आसपास आहेत, पण सगळे त्या ६६ जणांचाच वंश.

आता जातीचं. लेंडी मिठाच्या दाट पाण्यात कुस्करली की अंडी वर तरंगतात आणि काचेला चिकटतात. परजीवींच्या प्रयोगशाळेत मी आयुष्यभर तेच पाहिलं : पातळ कवच, लांबट गोल, आत पेशींचा तुतीसारखा गोळा. पोटातल्या कितीतरी गोल जंतांची अंडी हुबेहूब अशीच असतात. त्यातला एखादा निरुपद्रवी, तर हिमॉन्कस रक्त पिणारा. त्याची मादी दोन-तीन सेंटीमीटरची, रक्तानं भरलेल्या आतड्याला पांढरं गर्भाशय वेटोळे घालतं, त्यामुळे राखीच्या दोऱ्यासारखी तांबडी-पांढरी दिसते. पण ती दिसणार जनावर मेल्यावर, पोट फाडल्यावर. जिवंत हरणाची फक्त लेंडी हाती येते.

म्हणून डीएनए. आयटीएस-२ नावाचा एक तुकडा वाचतात. शेळ्यामेंढ्यांत जास्त आढळणाऱ्या हिमॉन्कस कंटॉर्टसमध्ये तो २३१ अक्षरांचा आहे, आणि गुरांतल्या त्याच्या भावाचा, हिमॉन्कस प्लेसीचा, तुकडा त्यापेक्षा फक्त ३ अक्षरांनी वेगळा. सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडून जे कळत नाही, ते या तीन अक्षरांत कळतं.

अर्थात नमुना नीट ठेवला तर. एकदा मेलेल्या चितळाच्या पोटातले जंत ठेवायला वनरक्षकाला मीच सवयीनं फॉर्मलिनची बाटली दिली. जंत दिसायला ताजे टवटवीत, पण डीएनए तपासायच्या जेलवर एक पट्टी उमटेल तर शपथ! फॉर्मलिननं डीएनएची पार वाट लावली होती. अल्कोहोल द्यायला हवं होतं. तो बिचारा दोन दिवस बाटली सांभाळत आला होता, त्याला काय सांगायचं ते मला सुचेना.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणायला अनेकजण उतावीळ असतात. मी म्हणणार नाही. गुरात आणि हरणात एकाच जातीचा जंत निघाला, तर तो दोघांत चालतो एवढंच ठरतं. कुणी कुणाला दिला, हे ती अक्षरं सांगत नाहीत. त्यासाठी त्याच हंगामात आजूबाजूच्या गावांतल्या गुरांचं शेणही तपासावं लागतं, एकेक जंत वेगळा काढून जास्त बदलणारी जनुकं वाचावी लागतात, आणि चरायला-प्यायला कोण कुठं जातं ते पायी फिरून पाहावं लागतं. बारशिंगा जवळजवळ निव्वळ गवतावर जगतो, पाणथळीत उतरून चरतो. यकृतातल्या चपट्या कृमीची पिल्लं गोगलगाईतून बाहेर पडून नेमकी अशाच काठच्या गवतावर चिकटून बसतात. त्याच काठावर गुरं येत असतील तर उपाय सोपा : पाजायचं ते गुरांना. ती दाव्याला असतात, आणि फायदा मालकाचाही होतो.

राहिल्या तुमच्या चार लेंड्या. आकारावरून चितळाच्या वाटतात, पण पैज लावणार नाही. वाळल्यावर चितळाच्या आणि बारशिंग्याच्या सारख्याच दिसतात, म्हणून लेंडीवरच्या पेशींचा डीएनए वाचून आधी मालक ठरवावा लागतो. आणि हो, राष्ट्रीय उद्यानातून असं काही उचलून आणायचं नसतं, परवानगी लागते. पुडी मी कुंडीत रिकामी केली आहे. पुढच्या खेपेला फोटोच पाठवा.