विंडोज काढून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकलं, आता वायफाय जोडलं की पाच-दहा मिनिटांनी तुटतं. कार्ड बदलू की परत विंडोज टाकू?

परत विंडोज टाकू नका, आणि कार्ड तर आत्ता अजिबात बदलू नका. तुमचं वायफाय निदान जोडलं तरी जातंय, माझ्याकडे तर वायफायचं चिन्हच गायब होतं. तुम्ही शेवटी लिहिलंय ना, की घरातले म्हणतात फुकटचं घेतलं की असंच होणार, ते वाचलं आणि राहवेना म्हणून लिहायला बसले.

मी मिरजेत घरीच आठवी ते दहावीचे क्लास घेते. लॅपटॉप २०१५ चा, मध्ये एसएसडी टाकून घेतलेली, अगदी ठणठणीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि विंडोज ११ त्यावर चढेना, कारण त्याला टीपीएम २.० (लॅपटॉपमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा असेल तर प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, माझा पाचव्या जनरेशनचा. नवा घ्यायचा म्हणजे चाळीसेक हजार. मला प्रश्नपत्रिका टाइप करायच्या, प्रिंट काढायच्या आणि बदली होऊन गेलेल्या दोन पोरांचे आठवड्यातून तीन तास ऑनलाइन घ्यायचे, एवढ्यासाठी चाळीस हजार? म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मिंट टाकलं, स्वतः, पेनड्राइव्ह बनवण्यापासून सगळं.

प्रिंटर लगेच चालला, मराठी टायपिंग चाललं, फक्त वायफाय नाही. धाकटे दीर दिवाळीला आले होते, पुण्यात कंपनीत आहेत. सगळे फराळाला बसलेले असताना म्हणाले, "वहिनी, मी आधीच सांगितलं होतं, हे आमच्या लाइनच्या लोकांचं काम आहे, तुम्ही कशाला त्यात पडलात." मी काही बोलले नाही. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर असतं (ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), ते उघडलं, इन्स्टॉल करतानाचा पेनड्राइव्ह लावलेलाच ठेवला की काही ड्रायव्हर नेट नसतानाही त्यातूनच मिळतात, तिथे माझ्या ब्रॉडकॉम बीसीएम ४३१४२ वायफाय चिपचा ड्रायव्हर दिसला, तो टाकला. टाकताना त्याने एक पासवर्ड बनवायला सांगितला, बनवला. रिस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन आली, त्यावर इंग्रजीत चार-पाच पर्याय. मी वाचत होते तर मागून भाऊजी म्हणाले, "एंटर मारा एंटर, काही नसतं ते." मारलं. मशीन चालू झालं, वायफाय नाहीच.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी लॅपटॉप गावातल्या एका दुकानात नेला. त्यांनी पाच मिनिटं बघून सांगितलं की कार्ड गेलंय, अठराशे रुपये होतील, नाहीतर विंडोज मारून देतो. आता मला सांगा, परवा संध्याकाळी याच कार्डावर मी बहुपदींचा तास घेतलाय, ते एका रात्रीत कसं जाईल? घेऊन या म्हटलं परत.

त्या रात्री सगळे झोपल्यावर बसले. पहिलं काम केलं ते तुम्हीही करा, फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला लावला आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं. लॅपटॉपला ते वायरचं नेट वाटतं, वायफायचा ड्रायव्हर लागतच नाही, आणि फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोनमध्ये मोबाइल डेटाही जात नाही. मग टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) एलएसपीसीआय ही आतल्या चिपांची यादी देणारी कमांड चालवली, तिला हायफन देऊन के लावलं की चिपच्या नावाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ येते. माझ्याकडे ती ओळच नव्हती. म्हणजे कार्ड जिवंत, लॅपटॉपला दिसतंय, पण त्याला चालवणारं कोणी नाही. ड्रायव्हर हाताने लोड करायला गेले तर एरर आला की ड्रायव्हरची 'की', म्हणजे सही, नाकारली.

इथे सगळं उलगडलं. सिक्युअर बूट (चालू होतानाच अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी लॅपटॉपची सोय) चालू असेल तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, फक्त सही असलेलेच ड्रायव्हर आत घेतो. हा ड्रायव्हर आपल्याच मशीनवर तयार होतो, त्याच्यावर आपल्याच मशीनची सही बसते, पण ही सही आपलीच आहे हे लॅपटॉपला एकदा सांगावं लागतं, आणि ते सांगायची जागा म्हणजे ती निळी स्क्रीन! तिथे 'एनरोल मॉक' (मॉक म्हणजे मशीनच्या मालकाची की) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. वरचा पहिला पर्याय 'कंटिन्यू बूट', एंटर मारलं की तोच घेतला जातो आणि सगळं केलेलं वाया. मॉकयुटिल ही कमांड वापरून ती सही परत इंपोर्ट केली, रिस्टार्ट, निळी स्क्रीन, यावेळी प्रत्येक ओळ वाचून. वायफायची यादी आली तेव्हा साडेअकरा वाजले होते, शेजारच्यांचं नेटवर्क दिसलं तरी मला आनंद झाला.

आता तुमचं बघू. जोडून तुटतंय म्हणजे ड्रायव्हर आहे, तेव्हा बहुतेक पॉवर सेव्हिंग, म्हणजे वीज वाचवायला कार्ड मधेच झोपवणं. ईटीसी फोल्डरात नेटवर्क मॅनेजरचं कॉन्फ डॉट डी आहे, त्यात वायफाय पॉवरसेव्ह नावाची फाइल असते, तिच्यात ३ लिहिलेलं असेल तर २ करा (३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद) आणि रिस्टार्ट. मग फोनचा हॉटस्पॉट लावून अर्धा तास बघा, त्यावर नीट चाललं तर लॅपटॉपला दोष देऊ नका, घरचा राउटर बघा. राउटरजवळ चालतं आणि पलीकडच्या खोलीत मरतं असं असेल तर गोष्ट वेगळी, आरटीएल ८७२३ बीई या वायफाय चिपच्या काही लॅपटॉपात एकच अँटेना जोडलेली असते आणि ड्रायव्हर दुसरीच धरून बसतो, ड्रायव्हरला अँट सेल नावाचा ऑप्शन १ किंवा २ द्यावा लागतो.

आणि फुकटचं म्हणजे हलकं, हे जे कोणी तुम्हाला म्हणतंय त्यांना विचारा की तुमच्या अँड्रॉइड फोनच्या आत कर्नल कोणता आहे. लिनक्सच. घरोघरच्या कितीतरी राउटरांमध्येही तोच. भाऊजींना मी हे सांगितलं तर म्हणाले, तुमचं नशिबाने झालं. नशिबाने नाही झालं, एरर वाचल्यामुळे झालं. पुण्यातल्या नोकरीमुळे निळी स्क्रीन न वाचता कळते असं काही नसतं. लाइनचे लोक म्हणून वेगळे कोणी नसतात, वाचणारे असतात आणि एंटर मारणारे असतात, आणि आमच्या घरात त्या दिवशी कोण कोण होतं हे मी वर लिहिलंच आहे.

हो, एक राहिलं. काही लोक सिक्युअर बूटच बंद करा म्हणतात, त्यानेही चालतं, पण लॅपटॉपवर विंडोजसुद्धा ठेवलं असेल आणि त्यात बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते रिकव्हरी की मागत बसेल, ती आधी लिहून ठेवा. आणि दोन्ही ठेवलं असेल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, त्यामुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि कधीकधी लिनक्समध्ये कार्ड अडून बसतं. तुम्ही विंडोज पूर्ण काढलं असेल तर हे दोन्ही सोडून द्या. एलएसपीसीआयच्या त्या दोन ओळी इथे टाका, माझा क्लास आठला सुटतो, त्यानंतर बघते.