गळा का उघडतो?

प्रश्न : विकतच्या छापील पॅटर्नवरून घरी कॉटनचा टॉप शिवला. रेडीमेड ‘मीडियम’ बसतो, म्हणून तोच साइज कापला. खांद्यात ढगळ झाला, गळाही उघडतो. कुठे चुकलं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रेडीमेडचं लेबल विसरा, पाकिटामागच्या तक्त्याशी मापं ताडा. काखेतून टेप फिरवून वरची छाती मोजा. ती पूर्ण छातीपेक्षा २ इंचांहून जास्त कमी भरली, तर वरच्या मापाने साइज घ्या आणि छातीपुरता पुढचा भाग वाढवा.

माया, म्हणजे शिवणीसाठी काठाला सोडलेलं जादा कापड, तपासलीत? अमेरिकी पॅटर्नमध्ये ती बहुधा ५/८ इंच धरलेली असते. सवयीने अर्धा इंच घेतली, की दोन्ही कुशींच्या (बाजूच्या) शिवणींत मिळून घेर अर्धा इंच वाढतो.

गळ्याचं दुखणं वेगळं. वळणावर कापड उरेबात, म्हणजे धाग्यांना तिरकं, येतं आणि नुसत्या हाताळण्यानेही ताणतं. म्हणून कापल्याबरोबर, खांदे जोडण्याआधीच, काठापासून अर्ध्या इंचावर एकेरी टीप मारा. खांद्याकडून मध्याकडे, दोन्ही बाजूंनी. ही टीप पुष्कळजणी गाळतात. आता ताणलेला गळा वाफेच्या इस्त्रीने थोडाफार आवळेल, पूर्ण नाही.

पुढच्या खेपेला कॉटन आधी धुऊन घ्या, आणि पहिला टॉप चाचणीपुरता मांजरपाटाचाच शिवा.