जुलैमध्ये आईवडील आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन पॅरिसहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं ऐतिहासिक शहर कोणतं?

माझं उत्तर शार्त्र. व्हर्साय सगळेच सुचवतील, पण जुलैच्या उन्हात तिथल्या रांगेत आईवडिलांना ताटकळत ठेवणं मला पटत नाही. माँ-सां-मिशेल एका दिवसासाठी लांब पडतं. शार्त्र पॅरिसच्या नैर्ऋत्येला साधारण ९० किलोमीटरवर आहे. मोंपार्नास स्टेशनवरून गाडी तास-सव्वा तासात पोचवते आणि उतरल्यावर शहराचं प्रसिद्ध कॅथेड्रल, म्हणजे मुख्य चर्च, रमतगमत दहा मिनिटांवर.

खिडकीजवळ बसा. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना बोसचा सपाट, गव्हाचा मुलूख लागतो. तो मुलीला नीट बघू द्या, पुढे कामाला येतो.

१० जून ११९४ च्या आगीत जुनं कॅथेड्रल बहुतेक सगळं जळालं. आज दिसतं त्यातलं बरंचसं त्यानंतरच्या तीसेक वर्षांत उभं राहिलं. आत शिरल्यावर गारवा असतो आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. पहिली पाच मिनिटं काहीच नीट दिसत नाही. डोळे सरावू द्या, मग खिडक्यांच्या रंगीत काचांमधला निळा रंग उजळायला लागतो. छोटी दुर्बीण मात्र न विसरता न्या. काचचित्रं उंचावर आहेत आणि खरी गंमत बारकाव्यांत आहे.

आम्ही सासूबाईंना आणि मुलाला घेऊन गेलो तेव्हा दोघं सर्वांत जास्त रमली ती राशींच्या खिडकीपाशी. आपल्याच बारा राशी, मेष ते मीन, आणि प्रत्येकीच्या जोडीला त्या महिन्याचं एक दृश्य, बरीचशी शेतातल्या कामांची. जुलैच्या चौकटीत एक शेतकरी वाकून विळ्याने गहू कापतोय. गाडीतून नुकताच पाहिलेला गहू आठशे वर्षांपूर्वीच्या काचेत पाहून मुलगा हरखला, आणि सासूबाई घरातल्या एकेकाची रास शोधत बसल्या. नोहाच्या खिडकीत खालच्या बाजूला सुतार आणि पिंपं बनवणारे कारागीर आहेत. राजे-संतांइतक्याच मानाने कष्टकऱ्यांना तिथे जागा मिळाली, हे मला फार मोठं वाटतं.

या काचा आणि हे कॅथेड्रल वाचलं कसं, तेही मुलीला सांगा. १९३९ मध्ये युद्ध येणार हे ओळखून त्या उतरवून सुरक्षित जागी हलवल्या होत्या. ऑगस्ट १९४४ मध्ये मनोऱ्यात जर्मन दबा धरून बसले असतील या संशयावरून कॅथेड्रलवर तोफा डागायचं घाटत होतं. वेलबॉर्न ग्रिफिथ नावाचा अमेरिकन कर्नल स्वतः आत जाऊन पाहून आला, कुणी नाही म्हणून कळवलं आणि मारा टळला. त्याच दिवशी जवळच्या लेव्ह गावात तो मारला गेला. माझ्या मते हे ऐकल्याशिवाय शार्त्र पाहू नये.

जमलं तर शुक्रवार निवडा. कॅथेड्रलच्या फरशीवर सुमारे १३ मीटर व्यासाची वर्तुळाकार चक्रवाट आहे. एरवी तिच्यावर खुर्च्या असतात, उन्हाळ्यात शुक्रवारी त्या सहसा हलवतात. वाट एकच, चुकायची भीती नाही. पाव किलोमीटरहून थोडी जास्त भरते. मुलं पळत सुटतात, पण तिथे लोक प्रार्थना करत चालत असतात, तेवढं आधी समजावून ठेवा.

दुपारचं जेवण दोनच्या आत उरका, नंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं. शाकाहारी असाल तर गालेत, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं, चीज घालून मिळतं, पण त्यात अंडं नको असेल तर आधीच सांगा. आईवडिलांसाठी दशम्या-चटणी बरोबर असलेली बरी.

जेवणानंतर खाली एर नदीकाठी जुने पूल आणि कपडे धुवायचे घाट बघा. उतरायला पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर उन्हाळ्यात पर्यटकांची छोटी गाडी फिरते, तिच्यात बसवा. रात्री इमारतींवर रोषणाई करतात, पण जुलैत अंधार पडायलाच दहा वाजून जातात. ती बघायची असेल तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळी उतरल्या उतरल्या बघून घ्या, नाहीतर सरळ मुक्काम करा.