वाचक विचारतात: माळावर झाडं लावू का?

या महिन्यात पत्रं बरीच आलीत, सुट्टीत सगळे फिरून आलेले दिसतायत आणि प्रत्येकाने काहीतरी नीट बघितलंय ह्याचा फार आनंद झाला. चार प्रश्न घेतोय. शेवटच्याला जास्त जागा दिलीय, कारण तो विषय अगदी जिव्हाळ्याचा आहे.

प्रश्न (ठाणे, इयत्ता आठवी): वाघ भारतात इतक्या ठिकाणी आहे, मग सिंह फक्त गुजरातमध्येच का? तिथलं हवामान वेगळं आहे का?

बाळा, प्रश्न एकदम बरोबर विचारलास, पण उत्तर हवामानात नाहीये. सिंह पूर्वी उत्तर भारतात बऱ्याच भागात होता, शिकारीने संपत गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गीरमध्ये मोजकेच उरले, जुनागढच्या नवाबाने शिकार थांबवली म्हणून ते तरी वाचले. 2025 च्या गणनेत 891 भरले आणि आता ते गीरच्या बाहेर शेतात, समुद्रकाठापर्यंत फिरतात. वाघाचं म्हणशील तर त्याला आडोसा, पाणी आणि शिकार मिळाली की झालं. सुंदरबनच्या खाऱ्या चिखलात तो पोहतो, रणथंबोरच्या कोरड्या रानात राहतो, आणि अरुणाचलात दिबांग खोऱ्यात तर साडेतीन हजार मीटरच्या वर बर्फात त्याचा फोटो कॅमेऱ्यात आलाय.

प्रश्न (नागपूर): मे महिन्यात पेंचला गेलो, मध्य प्रदेशच्या बाजूने, सगळं जंगल उघडंबोडकं. दोन दिवसांनी कान्हाला गेलो तर हिरवंगार! अंतर फार नाही, ऊन तेच. असं कसं?

दादा, पेंच सागाचं आणि कान्हा मुख्यतः साल नावाच्या झाडाचं, म्हणून. साग उन्हाळ्याच्या आधीच आपली ती ताटाएवढी पानं टाकून देतो आणि पाऊस येईपर्यंत तसाच उभा राहतो, पाणी वाचवायची त्याची रीतच ती. साल मात्र जुनी पानं गळतायत तोवरच नवी फोडतो, त्यामुळे फार दिवस बोडका असा दिसतच नाही. हे त्याला जमतं कारण त्याच्या पायाखाली खोल, ओल धरून ठेवणारी माती असते. सागाला पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते, ती आपल्याकडच्या काळ्या खडकावर मिळते. सालाचं बी तर अजून हट्टी, पावसाच्या तोंडावर पडतं आणि जेमतेम आठवडाभर जिवंत राहतं, तेवढ्यात ओल मिळाली तर रुजलं नाहीतर गेलं.

आणि कान्हात सालाच्या मधेमधे जी गवताची मोकळी मैदानं बघितलीत ना, त्यांच्यावर बारशिंगा जगतो. 1970 च्या सुमारास तिथे फक्त 66 बारशिंगे उरले होते. ते वाचले ते संरक्षणामुळे आणि ती मैदानं राखल्यामुळे. मैदानावर झाडं लावली असती तर बारशिंग्याने खायचं काय? हे लक्षात ठेवा, शेवटच्या पत्रात परत कामाला येणार आहे.

प्रश्न (सातारा): महाबळेश्वरात दाट रान आणि घाट उतरून वाईला आलं की बाभळी. तासाभराच्या रस्त्यात एवढा फरक?

ताई, ढग घाटमाथ्यावरच रिकामे होतात. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि वाईला येईतो त्याचा अगदी छोटा हिस्सा उरतो. म्हणून वर अंजनी, जांभूळ, पिसा अशी सदाहरित झाडं आणि खाली पानगळी, मग काटेरी. पुढच्या वेळी उतरताना खिडकीतून झाडाची पानं बघत या, खाली बाभळीपाशी पोचाल तेव्हा ती अगदी बारीक झालेली दिसतील.

प्रश्न (सोलापूर, शिक्षिका): शाळेजवळ मोठा माळ आहे, नुसतं वाळकं गवत आणि दगड, पडीकच. जूनमध्ये मुलांना घेऊन तिथे पाचशे झाडं लावायचा विचार आहे. कोणती लावू?

मॅडम, तुमची तळमळ कळतेय आणि म्हणूनच हात जोडून सांगतो, त्या माळावर नका लावू. तो पडीक नाहीये. सरकारी कागदावर पडीक लिहिलेलं असेल, पण पाच-सातशे मिलिमीटरचा बेभरवशाचा पाऊस आणि वीतभर मातीखाली मुरूम, अशा जागी निसर्गाने उगवलेलं हेच रान आहे, जसं महाबळेश्वरला अंजनी तसं तुमच्याकडे पवन्या, मारवेल, कुसळी, मधेच एखादा हिवर नाहीतर बोर. धनगरांची मेंढरं ह्याच गवतावर जगतात, त्यांना विचारा, ते कुणी ह्याला पडीक म्हणणार नाहीत.

आणि तुमच्या जवळच नान्नज आहे, तिथे माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं. हा पक्षी मोकळ्या जमिनीवर एकच अंडं घालतो, घरटं नाही काही नाही, लांबवर नजर जाते ह्याच्यावरच त्याचा सगळा भरवसा. आता अख्ख्या देशात दीडशेपेक्षा कमी उरलेत आणि नान्नजला एखादा दिसला तरी बातमी होते. शेती वाढली, विजेच्या तारा आल्या (समोरचं त्याला नीट दिसत नाही, उडताना तारेवर आदळतो), आणि मोकळ्या गवतात झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या, सगळ्याचाच वाटा आहे. झाडावर शिकारी पक्षी बसायला जागा होते, खाली आडोसा होतो, की मोकळ्यावर राहणारे पक्षी तिथून हलतात. लांडगा, चिंकारा, काळवीट, धाविक पक्षी, सगळे ह्याच माळाचे.

ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावलेल्या टेकड्या तुम्ही बघितल्या असतील, खाली गवत विरळ होतं आणि गुरंही फिरकत नाहीत. कच्छच्या बन्नीत 1960 च्या दशकात वेडी बाभूळ आणली, वाळवंट पसरू नये म्हणून, आणि आशियातल्या मोठ्या गवताळ रानांपैकी एक तिने गिळत आणलं, आता उपटून काढताना लोकांचा घाम निघतोय. हेतू चांगलाच होता हो तेव्हाही.

मग झाडं कुठे लावायची? शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर. कडुलिंब, बोर, हिवर, बाभूळ, शमी. पाचशे नको, पन्नास लावा आणि तीन उन्हाळे पाणी घाला.

मुलांना माळावर मात्र नक्की न्या, पण जूनमध्ये नको, दिवाळीनंतर न्या, गवत पिकल्यावर. परत येताना सगळ्यांच्या मोज्यात कुसळं रुतलेली असतील, ती फेकू नका. एक कुसळ तळहातावर ठेवायचं, त्याची शेपटी पीळ घातलेल्या सुतळीसारखी दिसते, तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि हात हलवायचा नाही. थोड्याच वेळात पीळ उलगडायला लागतो आणि कुसळ आपोआप गोल फिरतं, उन्हात धरलं की वाळून परत पीळ बसतो. माळावर दव पडलं की उलगडायचं, ऊन आलं की वळायचं, असं करत करत ते टोकदार बी स्वतःला मुरुमात भोक पाडून पेरून घेतं. मुलांनी काय काय विचारलं ते मला लिहून कळवा, पुढच्या अंकात त्यांचेच प्रश्न घेऊ.