सरपंच निवडून आला, तरी गाव तालुक्याच्या दारात का उभे राहते?

आपला प्रश्न असा आहे की, घटनादुरुस्तीला तीन दशके उलटली, गावात निवडून आलेला सरपंच आहे, ग्रामसभाही भरते, तरी ओढ्यावरच्या साध्या मोरीच्या दुरुस्तीसाठी तालुक्याला खेटे का घालावे लागतात. मी इंदूरचा, नोकरीची बरीच वर्षे पंचायतींचे हिशेब तपासण्यात गेली. त्यामुळे उदाहरण मध्य प्रदेशातले देतो, दुखणे मात्र आपल्याकडचेच आहे.

त्याचे मूळ घटनेच्या शब्दांत आहे. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायती स्थापन करणे, पाच वर्षांनी निवडणूक घेणे आणि महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखणे बंधनकारक केले. पण प्रत्यक्ष अधिकारांविषयीच्या २४३-छ या अनुच्छेदात राज्याच्या विधानमंडळाला ते 'देता येतील' एवढेच म्हटले आहे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येण्याजोगे २९ विषय मांडलेले आहेत खरे, परंतु वाढपी राज्य सरकारच आहे. नव्या व्यवस्थेखाली १९९४ मध्ये सर्वांत आधी निवडणुका घेणाऱ्या आमच्या राज्याने २००१ मध्ये ग्रामस्वराज म्हणून ग्रामसभेच्या हाती बरेच काही दिले आणि पुढे त्यातले पुष्कळसे परतही घेतले. बंधनकारक गोष्टींचीही खात्री नसते: २०२० मध्ये संपलेल्या मुदतीनंतरच्या निवडणुका इथे २०२२ च्या जून-जुलैत झाल्या, त्याही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर.

इंदूर जिल्ह्यातल्या एका पंचायतीची कार्यवाही पुस्तिका मला आठवते. शाळेकडे जाणारी पुलिया, म्हणजे आपली मोरी, दुरुस्त करावी असा ठराव लागोपाठ तीन ग्रामसभांनी केला होता; खाली सह्यांपेक्षा अंगठेच जास्त. खात्यात पैसे पडून होते. मात्र २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्राच्या पैशाची वाटणी सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने मिळालेल्या अनुदानातला ६० टक्के भाग स्वच्छता आणि पिण्याचे पाणी यांनाच बांधलेला होता. उरलेल्या अबंधित ४० टक्क्यांतून दुरुस्ती करता आली असती, पण त्यासाठी उपयंत्र्याने, म्हणजे तालुक्याच्या कनिष्ठ अभियंत्याने, खर्चाचे अंदाजपत्रक करून तांत्रिक मंजुरी मिळवायला हवी होती, आणि त्याच्याकडे एकच पंचायत नव्हती. शेवटी पैसे परत जाऊ नयेत म्हणून शाळेसमोर सिमेंटची नाली बांधली गेली, कारण नाली स्वच्छतेत बसते. पुलिया तशीच राहिली. नालीचा खर्च मी तपासला. पावत्या, मोजमाप, सगळे नियमाबरहुकूम होते आणि आक्षेप घ्यायला मला जागाच नव्हती.

त्याच पंचायतीत देयके कशी मंजूर होतात असे मी विचारले, तेव्हा सचिवाने कपाटातून रबरबँडने एकत्र बांधलेले दोन डोंगल काढले: एक त्याच्या डिजिटल सहीचा, दुसरा सरपंचबाईंच्या. बाई घरी होत्या. सचिव पंचायतीचा म्हणवतो, पण त्याची बदली पंचायतीला करता येत नाही, म्हणून तो जनपद पंचायतीकडे, म्हणजे तुमच्या पंचायत समितीच्या पातळीवर, तोंड करून बसतो. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मीही तेच केले असते.

आपले गाव महाराष्ट्रातले दिसते, त्यामुळे दोन गोष्टी सुचवतो. पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. मोरीचे काम तेव्हाच अबंधित निधीत, पहिल्या क्रमांकावर लिहून घ्यावे, कारण आराखडा संगणकावर चढला की ग्रामसभेच्या ठरावाला फारसे वजन उरत नाही. दुसरे, घरपट्टीची वसुली किती झाली हे ग्रामसभेत विचारावे. तो पैसा गावाचा स्वतःचा असतो आणि त्याला वित्त आयोगाच्या अटी चिकटलेल्या नसतात. आमच्याकडे शेजाऱ्याकडून कर मागायला सरपंच कचरतो, कारण त्याच शेजाऱ्याकडे त्याला पुन्हा मत मागायचे असते.