लोगोची ओपन फाइल आणि सहीचं पत्र आधी हातात घ्या

ताई, पेठ-सुरगाण्याकडच्या बचत गटांसाठी तुम्ही नाशिकमध्ये संस्था काढताय. ओळखीतला एक विद्यार्थी लोगो मोफत करून देतोय. कमळातून हात उंचावून उभी राहणारी बाई, भोवती गोलात संस्थेचं पूर्ण नाव, चार रंग. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "फायनल झाला की तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार आहे, आणखी काही बघायचं का?" हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. चित्राबद्दल पुढे लिहितेच, पण आधी फायलीबद्दल, कारण आमच्या संस्थेचे सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त मनस्ताप तिथेच गेला.

आमचा लोगो शहरातल्या एका डिझाइन स्टुडिओने समाजकार्य म्हणून करून दिला होता. नाव लिहीत नाही. लेटरहेड, पावतीपुस्तकं, व्हिजिटिंग कार्ड सगळं तेच छापून द्यायचे, त्यामुळे बरेच दिवस काही अडलं नाही. मग गटांच्या मालासाठी डोंगरे वसतिगृह मैदानावरच्या एका प्रदर्शनात स्टॉल घेतला आणि फ्लेक्सवाल्याला आमच्याकडचा जेपीजी दिला. मोठ्या फ्लेक्सवर चित्रातल्या बाईच्या गालाची कड पायऱ्यापायऱ्यांची झाली आणि नावातली जोडाक्षरं एकमेकांत मिसळून गेली. फ्लेक्सवाला म्हणाला, "मॅडम, कोरलची फाइल आणा, यात काही होणार नाही." कोरल म्हणजे छपाईवाले वापरतात ते चित्र आखायचं सॉफ्टवेअर.

स्टुडिओला ओपन फाइल, म्हणजे जिच्यात बदल करता येतात आणि जी कितीही मोठी केली तरी कड फाटत नाही अशी मूळ फाइल, मागितली. आधी "पाठवतो" म्हणाले. मग "ज्याने केलं तो मुलगा सोडून गेला." मग "ओपन फाइल आम्ही कुणालाच देत नाही, छपाई आमच्याकडेच करा." आणि शेवटी फाइलीची जी किंमत सांगितली, ती त्या स्टॉलवरच्या सगळ्या विक्रीपेक्षा जास्त होती. ज्या बायकांनी नागलीचे पापड लाटून, वाळवून, बसने नाशिकला आणले, त्यांच्या कमाईएवढे पैसे एका फाइलीसाठी मागताना समोरच्याला काहीच वाटलं नाही, याचा राग मला आजही येतो.

पुढे एका कंपनीच्या सीएसआरवाल्यांनी (सामाजिक कामाचा निधी बघणाऱ्यांनी) संयुक्त फलकासाठी आमचा लोगो मागितला आणि सोबत "हा लोगो संस्थेच्या मालकीचा आहे" असं पत्र मागितलं. स्टुडिओने सही द्यायला नकार दिला. नाइलाजाने दुसऱ्या डिझायनरकडून तोच लोगो नव्याने आखून घ्यायला बसलो, तेव्हा त्याने दाखवलं की बाईचा चेहरा तयार चित्रं देणाऱ्या एका स्टॉक साइटवरून जसाच्या तसा उचललेला आहे. तोच चेहरा कुणाच्याही ब्युटी पार्लरच्या पाटीवर असू शकतो. मग लोगोच बदलावा लागला. पाट्या, शिक्का, शिवून तयार असलेल्या कापडी पिशव्या सगळं पुन्हा. पैशांपेक्षा मोठं नुकसान पाड्यांवर झालं. वाचता न येणाऱ्या कितीतरी जणी त्या चित्रावरून आमची पावती ओळखायच्या. नवं चित्र बघून त्यांनी विचारलं, "ही तुमचीच संस्था ना? की दुसरे लोक आले?"

कायद्याची बाजू सांगते. मी वकील नाही, पत्र करताना एखाद्या वकिलाची नजर फिरवून घ्या. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ चा. चित्र ज्याने काढलं तो त्याचा पहिला मालक असतो. तो तुमचा पगारी कर्मचारी असेल किंवा असेच काही ठरावीक अपवाद असतील तर गोष्ट वेगळी. बाहेरच्या माणसाने लोगो केला, फुकट केला किंवा पैसे घेऊन केला, तरी हक्क संस्थेकडे यायला त्याच्या सहीचं लेखी हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ते ५ वर्षांपुरतंच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. म्हणून पत्रात "कायमस्वरूपी" आणि "जगभर" हे दोन्ही लिहा. मोबदल्याची रक्कमही लिहावी लागते. माझं मत विचाराल तर त्या विद्यार्थ्याला थोडे का होईना, पैसे द्या आणि तो आकडा पत्रात घाला. फुकट कामात दुरुस्ती सांगायला आपल्यालाही संकोच होतो. शिवाय स्वतःच्या कामांच्या संग्रहात हा लोगो दाखवायची परवानगी त्याला पत्रातच देऊन टाका, तो त्याचा हक्क समजा.

पत्रात आणखी एक ओळ हवीच: "हे चित्र मी स्वतः काढलेलं आहे, कुठल्याही स्टॉक साइटवरून किंवा अ‍ॅपमधून घेतलेलं नाही." कॅनव्हा या डिझाइन अ‍ॅपमधले तयार आयकॉन वापरून केलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला कॅनव्हाच्याच अटींची आडकाठी आहे. मोफत व्हेक्टर (ओपन फाइलीसारखी आखीव चित्रं) देणाऱ्या बऱ्याच साइट्सही लोगोसाठी वापर करू देत नाहीत. मुलांना हे माहीत नसतं, त्यांना दोष देऊ नका, पण विचारा.

फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि दोन विश्वस्तांच्या मेलवरही. ओपन फाइल म्हणून सीडीआर (कोरलची) किंवा एआय (इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरची), शिवाय एसव्हीजी, अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्ट न लागता नुसत्या आकारांत बदललेली पीडीएफ, पारदर्शक पार्श्वभूमीचा पीएनजी, आणि नुसता काळा व नुसता पांढरा असे दोन लोगो वेगळे. कर्व्ह करण्यावर मी अडून बसते, कारण जुन्या कोरलमध्ये युनिकोड देवनागरी उघडली की वेलांट्या आणि रफार भलतीकडे जातात, आणि छापखान्यातला मुलगा तशीच प्लेट काढतो. फॉन्टचं नावही लिहून घ्या. मुक्त (Mukta), बलू (Baloo) किंवा नोटो देवनागरी असे खुल्या परवान्याचे फॉन्ट घ्या, उद्या परवान्याची कटकट नको. अक्षरांत ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना, ते बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण आधीपासून लावलेलं असतं, आणि आपल्या बायकांच्या संस्थेच्या पाटीवर ते परकं दिसतं.

आता चित्र. कमळ काढून टाका, कितीही सुंदर असलं तरी. पंजाही नको, मशाल नको, घड्याळ नको, तुतारी नको. ही सगळी पक्षांची चिन्हं आहेत, आणि आचारसंहिता लागली की ग्रामपंचायतीत तुमची पाटी झाकायची वेळ येईल. गावात आधीच बाई मीटिंगला निघाली की "कुणाच्या सभेला चाललीस?" असं विचारतात. हात उंचावलेली बाई काढायचीच असेल तर पंजा समोरून उघडा दिसणार नाही असं बघा. अशोकचक्र, राजमुद्रा, संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह यांच्या जवळपासही जाऊ नका, त्यावर १९५० च्या कायद्याने बंदी आहे.

वारली आकृती सुचवणारे तुम्हाला भेटतीलच. तुमच्या भागात वारली आणि कोकणा वस्ती आहे, तेव्हा ते साहजिकही आहे. लग्नात भिंतीवर काढतात तो चौक पूर्वीपासून बायकाच लिहीत आल्या, त्यामुळे महिला संस्थेच्या लोगोत तो शोभतो. पण या कलेला भौगोलिक मानांकन (त्या भागाची म्हणून झालेली कायदेशीर नोंद) आहे आणि ती जिवंत माणसांच्या हातची आहे. इंटरनेटवरून त्रिकोणी बाई उचलू नका. पाड्यावरच्या एखाद्या चित्रकार ताईंकडून काढून घ्या, योग्य मानधन द्या, आणि वरच्या पत्रावर त्यांचीही सही घ्या.

गोलातल्या पूर्ण नावाबद्दल माझा अनुभव वाईट आहे. देवनागरी गोलात वाकवली की शिरोरेषा अक्षराअक्षरापाशी तुटते, आणि रबरी शिक्क्यात तर नाव वाचताच येत नाही. लोगोत संस्थेचं लहान नाव सरळ ओळीत ठेवा. पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लेटरहेडवर खाली येतातच. रंग दोन पुरेत. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते, त्यामुळे चार रंगांची पिशवी गटाला परवडत नाही. भरतकामात केसासारख्या बारीक रेषा टिकत नाहीत, तेही त्या मुलाला आधीच सांगा.

ठरवण्याआधी एक करा. लोगो दोन सेंटिमीटरचा छापा, त्याची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा, आणि तो कागद गटाच्या मीटिंगमध्ये काही न सांगता फिरवा. आमच्या नव्या लोगोच्या एका मसुद्यात डोक्यावर सूर्य घेतलेली बाई होती. एका आजींनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाल्या, "हंडा घेऊन चाललीय बिचारी. अजून पाणीच भरतीय का?" कार्यकारिणीत कुणालाही ते दिसलं नव्हतं. तो मसुदा तिथेच रद्द केला, आणि पुढचं चित्र त्या मीटिंगमधल्या बायकांशी बोलूनच ठरलं.

ट्रेडमार्कची घाई पहिल्या वर्षी नको, असं माझं मत आहे. काहींचं वेगळं असेल. करायचा झाला तर १९९९ च्या कायद्याखाली टीएम-ए हा नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना प्रत्येक वर्गामागे (वर्ग म्हणजे कामाचा प्रकार) ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. देणगी गोळा करण्यासाठी वर्ग ३६, प्रशिक्षणासाठी ४१, सामाजिक सेवांसाठी ४५. नोंदणी १० वर्षांची असते, नंतर नूतनीकरण. अर्ज संस्थेच्याच नावाने करा, अध्यक्षांच्या वैयक्तिक नावाने नको. त्याआधी लोगो स्वीकारल्याचा ठराव कार्यकारिणीच्या इतिवृत्तात घ्या, सोबत लोगोची प्रत चिकटवा आणि हस्तांतरणाच्या पत्राचा उल्लेख करा. पुढे विश्वस्त बदलले की हाच कागद कामाला येतो.

आम्ही दुसऱ्या वेळी वापरलेल्या पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे. हवा असेल तर सांगा, नावं काढून पाठवते. त्या मुलाला दाखवा, आणि सही झाल्याशिवाय पावतीपुस्तक छापायला टाकू नका.